मेपलवरची हळद

नील, तुझ्या नव्या गिटारीचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलं आहेस, ‘आजी, याला फ्लेम मेपल म्हणतात. हे पट्टे रंगवलेले नाहीत, लाकडातच असतात. तुला खरं वाटणार नाही.’ मला खरं वाटलं. तुझी आई शाळेत होती तेव्हा, कर्जतला दहिवलीत, आमच्या कुंपणापलीकडे हेच लाकूड मी पाहिलेलं आहे. हात लावूनही पाहिलेलं आहे.

मीराने विचारलं आहे, आजीला गिटारीतलं काय कळतं? काही कळत नाही. मी तीस-एक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि सुरांच्या वाटेला गेले नाही. पण सुमनवहिनी मला माहीत होत्या. तुमच्या फोटोने त्यांची आठवण आली, आणि ती गोड नाही. तरी लिहिते, आणि पहिल्यापासून लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की तुम्ही दोघं भावंडं फोनवर प्रश्नांनी बेजार करता.

सुमनवहिनी आमच्या शेजारीण. माहेर चौकजवळचं लोधिवली, भातशेतीचं घर. नवरा रघुनाथराव मुंबईत वाद्यांच्या एका कारखान्यात कारागीर होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा रघुनाथराव दहिवलीला परत आले आणि घराच्या पडवीत गिटारी करू लागले. विजेवर वाजणाऱ्या, भरीव लाकडाच्या. सत्तरच्या दशकात मुंबईत ऑर्केस्ट्रांचा सुकाळ होता आणि परदेशी गिटार परवडणारे थोडे. रघुनाथराव शिवणीच्या लाकडाचं अंग करायचे, त्यावर लाल नाहीतर काळा रंग मारायचे आणि माल मुंबईला पाठवायचे. हात चांगला होता. हे मी कबूल करते, आणि त्यांच्याबद्दल एवढंच चांगलं कबूल करते.

वहिनींना वाजवण्याचं कौतुक नव्हतं. ढोलकी, तंबोरा, हार्मोनियम, कशाचंही नाव काढलं की म्हणायच्या, “वाजतं त्ये समदं आतून रिकामं असतं, बाई.” मग पडवीकडे हनुवटी उडवून, “आन ही तर रिकामी पन नाय. मग वाजती कशी, त्ये त्यांचं त्यांना ठावं.” नवऱ्याचा उल्लेख त्या ‘आमचा कारखाना’ असा करायच्या. कारखाना जेवला, कारखाना झोपला, कारखाना आज फुगलाय.

उंच, सडपातळ, पायांत कायम घाई. रंध्यातून निघणारी लाकडाची सालपटं त्या झाडून आणायच्या आणि चुलीपाशी वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवायच्या. सागाची चहाला, शिवणीची भाताला. फरक काय, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, “फरक काय नाय. पन कुनी इचारलं तर सांगायला बरं वाटतं.” माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आल्या तेव्हा माझे चिठ्ठ्या लावलेले डबे पाहत उभ्या राहिल्या. साखर, रवा, तूरडाळ, सगळं माझ्या अक्षरात. त्यांना वाचता येत होतं. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, “डब्यांना नावं लावलीत. मानसानं केलेल्या कामाला पन कुनीतरी लावा बाई एखादी चिठ्ठी.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वहिनींचं मुख्य वैशिष्ट्य म्हणजे त्यांची नजर. बाजारात गेल्या की कापडाचा पोत बोटांनी न चाचपता नुसतं उजेडात कलवून सांगायच्या. कुणाच्या घरी नवं लुगडं आलं की बायका त्यांना बोलवायच्या. पण त्यांच्या घरात त्या नजरेला कुणी विचारत नव्हतं. रघुनाथरावांचा एक नियम होता, कामाला बाईचा हात लागायचा नाही. झाडणं, पुसणं, हत्यारांना तेल लावणं, डिंक शिजवणं, हे काम नव्हे. काम म्हणजे ते करतात ते.

एका उन्हाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका गिरणीने जुनं परदेशी यंत्र भंगारात काढलं. त्याच्या खालचा लाकडी तक्ता रघुनाथरावांनी उचलला आणि टेंपोतून घरी आणला. तेलाने काळाकुट्ट झालेला, जड, वास मारणारा. “सरपन आनलं का?” वहिनींनी विचारलं. रघुनाथराव तक्ता उतरवत राहिले. तो तक्ता राखेने घासून तेल काढायचं काम मात्र वहिनींच्या वाट्याला आलं, कारण घासणं हे काम नव्हे. घासून झाल्यावर रघुनाथरावांनी रंधा मारला आणि आतून पिवळसर पांढरं, तुपासारखं लाकूड निघालं. मुंबईच्या कारखान्यात त्यांनी ते पाहिलेलं होतं. “मेपल,” ते म्हणाले. तो शब्द त्या अंगणात पहिल्यांदाच उच्चारला गेला.

मी कुंपणापाशी उभी होते. वहिनींनी फळी दोन्ही हातांनी उचलली, उजेडात कलवली, परत उलटी कलवली.

“अवो, ह्ये हालतंय,” त्या म्हणाल्या.

“काय हालतंय?”

“आतलं. ह्ये बगा. खाचरात पानी भरलंय आन वरनं वारा गेलाय, तसं.”

रघुनाथरावांनी फळी हिसकून घेतली आणि स्वतः कलवून पाहिली. पट्टे फिकट होते, दिसतील न दिसतील असे, फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे. तिरपी धरली की काळसर पट्टा उजळ व्हायचा आणि उजळ काळसर. धूपछाव लुगड्यासारखं. शेवटी रघुनाथराव म्हणाले, “मला पहिल्यापासून ठाऊक होतं.”

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ऐकलंत? पहिल्यापासून.”

नील, तुला हे पट्टे का पडतात ते माहीत असेल. झाडाचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात, आणि फळी कापली की कुठे तंतू आडवे कापले जातात, कुठे त्यांची तोंडं वर येतात. जिथे तोंडं वर, तिथे ते रंग जास्त पितात. हे मी नंतर एका ग्रंथालयात वाचलं. त्या दिवशी अंगणात हे कुणालाच माहीत नव्हतं.

रघुनाथरावांनी फळी मधून चिरली आणि पुस्तक उघडावं तशी दोन पानं शेजारी शेजारी जोडली. डाव्या पानावरच्या लाटा मधल्या रेषेला येऊन उजव्या पानावर उलट्या फिरायच्या. शिवणीच्या अंगावर हे मेपलचं तोंड बसवलं. पण पट्टे अजून झोपलेलेच होते. रघुनाथराव वेगवेगळे रंग तुकड्यांवर लावून बघत होते आणि लाकूड मळकट दिसत होतं. घरात चिडचीड होती. तशात दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वडिलांनी लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलेला फोटो मागे मीराने पाठवला होता. वहिनींनी पाटावर रंधे, पटाशा, करवती मांडल्या, आणि त्यांच्या शेजारी ती कोरी गिटार ठेवली. नुसतं अंग, तारा नाहीत, पॉलिश नाही. हत्याराला हळदकुंकवाचं बोट लावतात. पण ही नवी वस्तू, कोरी, पुढे घरातून जायची आहे. वहिनींच्या मनात काय आलं ते त्यांनी मला पुढे सांगितलं: “नवरीला लावत्यात तशी लावली. नवरीला एक बोट लावत्यात का?” त्यांनी वाटीतल्या ओल्या हळदीत पंजा बुडवला आणि मेपलच्या पांढऱ्या तोंडावर उमटवला. पाची बोटं.

रघुनाथरावांची आरोळी आमच्या घरात ऐकू आली. मी गेले तेव्हा ते ओल्या फडक्याने हळद पुसत होते आणि तोंडाने बोलत होते. ते शब्द मी इथे लिहीत नाही. वहिनी पाटापाशी हात पुढे धरून उभ्या होत्या, पिवळा तळवा वर.

फडकं जिथे जिथे फिरलं तिथे तिथे ती फळी जागी झाली.

याहून चांगलं मला सांगता येत नाही. हळदीचं पाणी तंतूंच्या तोंडांतून आत गेलं आणि पट्टे एकामागून एक वर आले. उजळ पिवळा, त्याशेजारी गडद, पुन्हा उजळ. रघुनाथरावांचा हात थांबला. मग त्यांनी वाटीच घेतली आणि उरलेली हळद सगळ्या तोंडावर चोळली. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, कुंकू, सगळं बाजूला पडलं. मी आयुष्यात काही सुंदर वस्तू पाहिल्या आहेत. त्यांत ही एक.

वहिनी म्हणाल्या, “हळद हाय ती. उन्हाला टिकत नाय. पोरांच्या कापडावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, ह्ये समद्यांना ठावं हाय.”

“वरून पॉलिश चढलं की काय होतंय? तुला काय कळतंय त्यातलं?”

“त्यातलं नाय कळत. हळदीतलं कळतंय.”

“गप गं.”

त्या गप्प झाल्या नाहीत. पुढचं वाक्य त्यांनी माझ्यासमोर उच्चारलं, म्हणून मी साक्षीदार आहे. “टिकंल तवर टिकंल. पन कुनी इचारलं तर सांगा, बायकोच्या हातची हाय म्हनून. मला दुसरं काय नको. एकदा मानसांम्होरं सांगा.”

रघुनाथराव म्हणाले, “सांगेन की.” त्यांचं लक्ष गिटारीकडे होतं.

पंजा मात्र गेला नाही. तिथे हळद पहिल्यांदा आणि दाट लागली होती, त्यामुळे सगळ्या पिवळ्यात पाच बोटं गडद उठून दिसत होती. रघुनाथरावांनी त्यावर उपाय काढला. गिटारीवर तारांखाली एक काळी पट्टी स्क्रूने बसवतात, वाजवणाऱ्याच्या नखांनी लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून. ती त्यांनी नेहमीपेक्षा मोठी कापली आणि बरोबर बोटांवर बसवली.

मुंबईहून ऑर्केस्ट्राचे मालक आले. त्यांना सगळे श्याम मास्टर म्हणायचे. काळा चष्मा, पांढरे बूट, आमच्या गल्लीतल्या चिखलात ते बूट पाहायला निम्मी दहिवली जमली. रघुनाथरावांनी गिटारीवरची चादर ओढली आणि मास्टरांनी चष्मा काढला.

“अरे बापरे. रघुनाथ, हे इंपोर्टेड आहे?”

“लाकूड बाहेरचं. काम इथलं.”

मास्टरांनी गिटार खिडकीपाशी नेली, कलवली, परत कलवली. वहिनींनी फळी कलवली होती तशीच. “आणि रंग? हा रंग कुठला? असा पिवळा मी बाजारात बघितला नाही.”

वहिनी ताटलीत चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ताटली दिसत होती. ती अगदी स्थिर होती.

“तो आपला गुपित रंग आहे, मास्टर,” रघुनाथराव म्हणाले. “वर्षं घालवली त्यात.”

“सांगा की,” वहिनी हळू म्हणाल्या.

“चहात साखर कमी हाय. आत जा, घिऊन ये.”

साखर कमी नव्हती. कपाला कुणी ओठही लावला नव्हता. वहिनी आत गेल्या, रिकाम्या हाताने परत आल्या आणि मास्टरांना म्हणाल्या, “साखर संपली. तुमच्या गिटारवाल्याला इचारा, त्यांच्याकडं गुपित साखर आसंल.” माणसं हसली. मास्टरही हसले. रघुनाथरावही हसले, आणि तेच मला सर्वांत वाईट वाटलं.

गिटार गेली. मास्टरांनी तशाच आणखी मागितल्या; त्या तक्त्याच्या फळ्या उरल्या होत्याच. त्या हिवाळ्यात वहिनी रोज पाट्यावर ओली हळद वाटायच्या, कारण वाटणं हे काम नव्हे. हात कोपरापर्यंत पिवळे. शाळेतून येताना मी विचारायचे, “वहिनी, सांगितलं का कुणाला?” त्या म्हणायच्या, “चिठ्ठी लिहून ठिवलीय बाई, चिकटवायला डिंक मिळंना.”

मग पुढच्या पावसाळ्यात, गणपतीचे कार्यक्रम संपल्यावर, मास्टर परत आले. या वेळी बूट चिखलात गेले तरी त्यांनी खाली पाहिलं नाही. गिटार त्यांनी पडवीत उभ्यानेच आपटली. उघड्या मैदानांवरचे कार्यक्रम, एरवी खिडकीत उन्हात टांगलेली, असं काय काय झालं असेल. ती फळी पांढरी पडली होती. पट्टे होते, पण पहिल्यासारखे झोपलेले, वर डागाळलेलं पॉलिश. “स्टेजवर लोक विचारतात, कावीळ बरी झाली का म्हणून!” मास्टर ओरडले. “वर्षं घालवलीस ना रे रंगात? कसला रंग हा?”

गल्ली जमली होती. तीच माणसं. वहिनी दारातच होत्या.

रघुनाथरावांनी त्यांच्याकडे बोट केलं. “हिनं. हिनं हळद फासली मास्टर, दसऱ्याला. बायकांचं काम. मी नको म्हनत होतो.”

मी कुंपणापाशी उभी होते. वहिनींनी पदर खांद्यावर नीट केला. “बगा बाई,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांगितलं. मानसांम्होरं सांगितलं.” आणि आत गेल्या.

मास्टर गिटार तिथेच टाकून गेले. बाकीच्या कुणी नेल्या नाहीत. रघुनाथराव परत लाल आणि काळ्या रंगाकडे वळले. ती पहिली गिटार पडवीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली राहिली.

भांडण झालं नाही. आदळआपट नाही, माहेरी जाणं नाही. काही दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या पानात आमटी पिवळीधमक होती. रघुनाथरावांच्या पानातली पांढरी. बटाट्याची भाजी आमची पिवळी, त्यांची पांढरी. वहिनींनी वेगळं पातेलं केलं होतं. तुझे आजोबा भाबडे. त्यांनी विचारलं, “रघुनाथरावांना पथ्य आहे का?”

“व्हय,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना हळद सोसत नाय.”

रघुनाथराव पानात बघून जेवत होते.

ते जगले तेवढी वर्षं त्यांना त्या घरात हळद मिळाली नाही. आजारी पडले, घसा धरला, तरी दूध पांढरंच. सणाला पांढरी आमटी. मुलगी माहेरपणाला आली तेव्हा रडली, म्हणाली, “आई, सोड ना आता.” वहिनी म्हणाल्या, “मी काय धरलंय? त्यांनी तोंड उघडावं. एक शब्द बोलायचा हाय, लई लांबचा नाय.” आणि तो शब्द ते बोलले नाहीत. एकदा मी त्यांना रस्त्यात गाठून स्पष्ट सांगितलं, रघुनाथराव, एवढं बोलून टाका. ते म्हणाले, “बाई, फडकं मी फिरवलं होतं. मी चोळलं म्हणून पट्टे उठले. तिनं नुसता हात ठेवला.” इतक्या वर्षांत त्यांनी हे मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं होतं. त्याला कुठे बोट शिरेल अशी फट नव्हती.

दर दसऱ्याला मात्र वहिनी हत्यारांची पूजा करायच्या. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू. भिंतीवरच्या गिटारीला नाही.

रघुनाथराव गेले ते हिवाळ्याच्या शेवटी. शेवटच्या आजारात वहिनींनी त्यांचं सगळं केलं, अंग पुसण्यापासून. मी शेजारी बसलेली असताना त्यांनी एकदा वहिनींचा हात धरला. वहिनी थांबल्या, वाकल्या, कान जवळ नेला. मला वाटलं, आता. रघुनाथराव म्हणाले, “पटाश्यांना तेल लावून ठेव. गंजतील.” वहिनींनी हात सोडवून घेतला आणि पटाश्यांना तेल लावलं.

आमची बदली पुण्याला ठरली होती. सामान बांधायच्या दिवसांत, उन्हं कडक झालेली, मी कुंपणापाशी उभी होते. वहिनींनी अंगणात धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या होत्या.

“बाई, इकडं या. एक दावायचंय.”

गिटार मांडीवर होती. त्या स्क्रू काढत होत्या, सावकाश, एकेक करून पदरात टाकत. काळी पट्टी निघाली. खाली, उजेड कधी न पोहोचलेल्या जागी, हळद जशीच्या तशी होती. सगळं तोंड पांढरं पडलेलं आणि मधोमध पाच बोटं पिवळीधमक. त्यांच्या आतून लाटा गेलेल्या. वहिनींनी गिटार थोडी कलवली आणि बोटं हलली. खाचरातल्या पाण्यावरून वारा गेल्यासारखी.

वहिनींनी त्या बोटांवर आपला हात ठेवून पाहिला. आता हात सुकलेला होता, उमटलेला पंजा त्यांच्या हातापेक्षा भरलेला वाटत होता.

“वहिनी,” मी म्हणाले, “पट्टी परत लावा. जपून ठेवा हे. मुलीला द्या.”

“एवढी वर्सं झाकलेलंच व्हतं की,” त्या म्हणाल्या. “त्यांनी झाकलं म्हनून ऱ्हायलं. त्यांच्या मेहेरबानीवर ऱ्हायलेलं मला नको.”

त्यांनी गिटार उचलली आणि कुरडयांच्या शेजारी उन्हात उताणी ठेवली. मग ओट्याच्या सावलीत काठी घेऊन बसल्या.

आम्ही निघालो त्या दिवशी मी टेंपोतून वळून पाहिलं. त्या तिथेच होत्या. गिटारही तिथेच, ऊन सरकेल तशी त्यांनी सरकवलेली. एक कावळा धोतराच्या कडेला उतरला, तशी त्यांनी काठी आपटली. तो उडून गिटारीवर जाऊन बसला. वहिनींनी काठी खाली ठेवली आणि त्याला बसू दिलं.